हात कुणाचा?

काशीदमध्ये कुणाचा जुना माड पाडायचा असला की अनंताला बोलावणं जातं, आणि अनंताबरोबर दोर घेऊन त्याची बायको भागुबाई येते. लग्नानंतर तिने आधी दोर ओढायला शिकून घेतलं, मासळीचं कालवण मागाहून. आता पर्यटक तिच्या कालवणासाठी गाडी वळवून येतात. त्यांच्यासाठीच तिने यंदा परसात नवं स्वयंपाकघर बांधून घेतलं.

त्याच परसात वीज पडून मेलेला एक माड होता. शेंडा गळून नुसता खांब उरलेला. गावाचे माड पाडणाऱ्याला घरचा पाडायला सवड नव्हती. एका बाजूला विहीर, दुसरीकडे विजेची तार, मागे शेजाऱ्याची भिंत. आडवं व्हायला जागा एकच, भागुबाईच्या स्वयंपाकघराच्या दिशेला.

सकाळच्या उन्हात अनंताने काठी उभी केली. कोपरापासून बोटापर्यंत हात टाकत मोजलं. काठी चार हात, तिची सावली सहा. माडाची सावली छत्तीस.

"सहाला चार, तर छत्तीसला चोवीस," तो म्हणाला. "माड चोवीस हात. आता जागा मोजतो."

"ऱ्हाऊ द्या. माझं घर मी मोजनार."

इतरांच्या परसात तिने कधी असा हट्ट केला नव्हता. ती वाकून बुंध्यापासून स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत मोजत गेली. "पंचवीस! एक हात शिल्लक हाय."

"झालं समाधान? दे कुऱ्हाड."

तिने कुऱ्हाड पुढे केली. त्याने दांडा धरला आणि दोघांचे हात क्षणभर कोपराला कोपर लागून राहिले. तिची बोटं त्याच्या बोटांच्या मधल्या पेराशीच संपत होती.

"अवो, थांबा! माड तुमच्या हातानं चोवीस. जागा माझ्या हातानं पंचवीस."

अनंताने कुऱ्हाड खाली ठेवली. पुन्हा जागा मोजली, या वेळी स्वतःच्या हाताने. तेवीस भरली. माड भिंतीवर हातभर चढला असता.

"बरं झालं, तुझा हात आखूड हाय," तो म्हणाला.

"व्हय, आनि डोकं?"

बुंध्यावर जमिनीपासून दोन हात मोजून त्याने खूण केली. तिथून तोडला तर पडणारा माड बावीसच हात उरणार होता. भागुबाईने दोर ताणून धरला. घाव चालू असताना तिचे डोळे माडाकडे नव्हते, भिंतीकडे होते.

माड सरळ आडवा झाला. धूळ खाली बसायच्या आत ती टोक आणि भिंतीच्या मधल्या जागेत गुडघे टेकून बसली.

"माझ्या हातानं एक हात, वर दोन बोटं."

"माझ्या हातानं एकच," अनंता म्हणाला.

"घर माझं हाय," ती म्हणाली, आणि चूल पेटवायला आत गेली.