मोरेश्वररावांचं जावळ निघायच्या आधीची चित्रं

शैलजाला लोक आगाऊ म्हणतात. इथे अमेरिकेत, आमच्या पार्सिपनीतल्या निम्म्या मराठी मंडळींनी माझ्या तोंडावर म्हटलंय. मी प्रत्येकाला तिथल्या तिथे विचारते, अडीचशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका बाईसाठी तुम्ही हातातोंडाशी आलेली नोकरी सोडली असती का? मग विषय बदलतात आणि टोमॅटो किती महागलेत त्यावर येतात.

मी मालिनी, तिच्या खालच्या मजल्यावर राहते. शैलजा पुण्याला दप्तरखान्यात होती, सात वर्षं मोडी वाचायची. जी पत्रं बघून तुमचेआमचे डोळे फिरतील ती ही बाई पेपरासारखी वाचते. २००३ मध्ये शंतनूमागे इकडे आली. शंतनू आयटीत, कंपनीच्या व्हिसावर. ही त्याची डिपेंडंट. त्या व्हिसावर काम करायचं नाही, पगार घ्यायचा नाही. मीही तशीच आले होते, म्हणून सांगते, पहिलं वर्ष ओटा घासण्यात जातं आणि दुसरं रडण्यात. शैलजा रडली नाही. तिने तासाभरावरचं एक म्युझियम शोधून काढलं आणि तिथे फुकट काम करायला लागली. दर शनिवारी शाळेच्या पोरांना चित्रं दाखवायची. तिला ड्राइव्ह करता येत नव्हतं, सोडायला मी. यार, माझं निम्मं पेट्रोल त्या म्युझियमच्या नावाने जळलंय.

२००६ च्या शेवटी तिथे एका प्रदर्शनाची तयारी सुरू झाली. सरदार मोरेश्वरराव वेळुंजकरांचा चित्रसंग्रह. चाळीस चित्रं, घोडे, शिकारी, बागेत बसलेल्या बायका. कोणा अमेरिकन माणसाने कधीतरी विकत घेतली आणि म्युझियमला देऊन टाकली. सोबत कागदांचा एक गठ्ठा होता. कागदांवर मोरेश्वररावांचा शिक्का, स्वच्छ देवनागरीत, त्यामुळे तो कोणीही वाचू शके. बाकी मजकूर मोडीत, तो कोणीच वाचला नव्हता. शिक्क्यावरचं नाव बघून त्यांनी ठरवलं की हा थोर रसिक माणूस. प्रदर्शनाचं नावसुद्धा ठरलं, ‘एका मराठा सरदाराची नजर’.

क्युरेटर बाई चांगली होती, मी उगाच वाईट म्हणणार नाही. तिने शैलजाला गठ्ठा दिला आणि म्हणाली, बघ काही लागतंय का.

त्या दिवशी परत येताना शैलजा गाडीत हसत सुटली. मला वाटलं हिला काय झालं. तिने वहीत उतरवलेलं एक पत्र वाचून दाखवलं, कारकुनाला धाडलेलं. ‘गिरिजाबाई वेळुंजकर यांचे आशीर्वाद. चित्र पावले. घोडा बरा. स्वार मात्र जुलाब घेतल्यासारखा बसला आहे. चितेऱ्यास सांगणे की मराठा घोड्यावर असा बसत नाही. दुसरे काढवून आणणे. चिरंजीव मोरेश्वर याचे जावळ पुढील पंधरवड्यात आहे, त्याचे आत यावे.’

‘जावळ?’ मी म्हटलं. ‘म्हणजे रसिक सरदार किती वर्षांचा?’

‘असेल तीनेक वर्षांचा,’ शैलजा म्हणाली. ‘बाप त्र्यंबकराव लढाईत गेला. धनी गेला की शिक्का मुलाच्या नावाचा, पोरगं पाळण्यात का असेना. कारभार आईचा. चाळीसच्या चाळीस चित्रं गिरिजाबाईंनी निवडलीत, मालिनी. नऊ पत्रं आहेत, त्यांत एकूणएक चित्राची नोंद आहे, आणि प्रत्येकात ती चितेऱ्याला झाडते.’

अशी बाई आपल्याला शेजारी मिळायला हवी होती, असं मला वाटलं.

क्युरेटर बाई ऐकून खूश झाली. खरंच झाली. तिने शैलजाला सांगितलं की मोडी वाचणारं माणूस म्युझियमला कायमचं हवंय, पगार मिळेल, व्हिसा म्युझियम करेल. शैलजाच्या स्वतःच्या नावावर. चार वर्षांत ह्या बाईने स्वतःच्या नावाचं एक लायब्ररीचं कार्ड काढलं होतं, तेसुद्धा नवऱ्याच्या पत्त्याचा पुरावा जोडून. त्या संध्याकाळी तिने शिरा केला आणि बिल्डिंगभर वाटला.

मग संजय वेळुंजकर आला. दूर दक्षिणेतल्या अल्फारेटा गावचा, स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी, त्या घराण्याचा आजचा वंशज. प्रदर्शनाचा खर्च त्याचा आणि शैलजाच्या पगाराची सोयही तोच करणार होता. तो खास ह्यासाठी विमानाने आला, शैलजाला म्युझियमच्या कॅफेत बसवलं, कॉफी आणून दिली. शेजारच्या टेबलावर मी होते, कान टवकारून.

‘शैलजाताई, तुमचं काम ग्रेट आहे,’ तो म्हणाला. ‘फक्त पत्रं मोरेश्वररावांच्या आज्ञेने लिहिली असं घाला. शिक्का त्यांचाच आहे ना. विधवा बाईने चितेऱ्यांना वाड्यावर बोलावलं, असं छापलं तर लोक काय अर्थ काढतील?’

‘बाईला चित्रं कळत होती, असा काढतील,’ शैलजा म्हणाली.

‘तुम्ही इमोशनल होताय. खाली वाचन म्हणून तुमचं नाव येईल. जॉब आहेच.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शैलजा मात्र शांतपणे म्हणाली, विचार करून सांगते.

घरी माझ्यासमोरच शंतनूने तिला समजावलं. तो वाईट नाही, पण कोडिंग करून करून त्याला सगळं दोनच रंगांत दिसतं. म्हणाला, ‘शिक्का त्याचा तर टेक्निकली संग्रह त्याचाच ना?’

‘टेक्निकली मीसुद्धा तुझी डिपेंडंट आहे,’ शैलजा म्हणाली. ‘ह्या घरातलं काय काय तू केलंयस ते सांग बघू.’

त्या रात्री भांडी शंतनूने घासली, हे मी मुद्दाम सांगते.

सोमवारी शैलजाने कळवलं, माझं वाचन घ्यायचं तर गिरिजाबाईंच्या नावासकट घ्या, नाहीतर घेऊ नका. त्यांनी घेतलं नाही. नोकरी गेली, आणि आठवड्याभराने शनिवारचं फुकट कामही गेलं. तिने बिल्ला परत केला. गाडीत बसल्यावर मग रडली, चार वर्षांचं सगळं. मी हायवेच्या कडेला गाडी थांबवून तिच्यासोबत बसून राहिले.

मे महिन्यात प्रदर्शन उघडलं. पहिल्या शनिवारी शैलजा माझ्या दारात उभी, साडी नेसून. म्हणाली, ‘चल, तिकीट काढून जाऊ.’

ती त्या घोड्याच्या चित्रासमोर उभी राहिली आणि मोठ्याने पत्र वाचायला लागली, आधी मराठीत, मग इंग्लिशमध्ये. गार्ड आला, म्हणाला, परवानगी आहे का? ती म्हणाली, ‘मी तिकीट काढलंय. बोलायला व्हिसा लागत नाही.’ गार्ड जरा वेळ थांबला, जुलाबापर्यंत ऐकलं, आणि हसत दारापाशी जाऊन उभा राहिला. पुढच्या शनिवारीही ती गेली, त्याच्या पुढच्याही. ऐकायला माणसं जमायला लागली.

चौथ्या शनिवारी संजय आईला घेऊन आला. आई भारतातून आलेल्या, पंचाहत्तरीच्या, साडीखाली पांढरे बूट. गर्दी बघून संजय वळणार होता, पण आई पुढे आल्या आणि शैलजाला म्हणाल्या, ‘पुन्हा वाच गं, मला नीट ऐकू आलं नाही.’

शैलजाने वाचलं. आई खुदकन हसल्या. मग म्हणाल्या, ‘त्याचं जावळ निघायचं होतं, तर चित्रं घेतली कुणी?’

‘त्याच्या आईने. गिरिजाबाईंनी.’

‘पंचावन्न वर्षं झाली मला त्या घरात. हे नाव मी ऐकलेलं नाही.’

शेजारच्या भिंतीवर संजयने वंशावळ लावली होती, छताला भिडेल अशी. आई तिकडे गेल्या. ‘संजय, ह्यात गिरिजाबाई कुठेय?’

‘नाहीये, आई. वंशावळीत बायका घेत नाहीत. पद्धत आहे तशी.’

‘मग मीही नाहीये का?’

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई वळल्या.

आईंनी शैलजाकडे हात पुढे केला आणि पेन मागितलं. शैलजाने पर्समधून काढून दिलं. आई वाकल्या, संजयच्या वडिलांच्या नावाशेजारी टेकून टेकून ‘शोभा’ लिहिलं. गार्ड धावत आला, तसा संजयच त्याला म्हणाला, राहू दे, बोर्ड माझा आहे.

मग आईंनी वर बघितलं, गिरिजाबाईंच्या नवऱ्याच्या, त्र्यंबकरावांच्या नावाकडे, आणि पेन संजयपुढे धरलं. ‘ते वरचं तू लिही,’ त्या म्हणाल्या. ‘तिथवर माझा हात पोचत नाही.’