पाण्याच्या बादलीतला ओळंबा

"पाडा ही भिंत! आणि हा मिस्त्री उद्यापासून साइटवर दिसता कामा नये!"

डेप्युटी साहेब कडाडले. आग लावणारा मी. ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. नाशिकचं इंदिरानगर तेव्हा नुकतं वसत होतं आणि तिथे आमच्या खात्याच्या क्वार्टर्स बांधायचं काम चालू होतं. मी नवा ज्युनिअर इंजिनिअर, डिग्रीची गुर्मी होतीच. सकाळी चेकिंग करून मी छातीठोक रिपोर्ट दिला होता, 'भिंत अर्धा इंच आउट.'

भिंत सरळ आहे का, ते ओळंब्याने बघतात. ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं वजन. दोरी भिंतीपासून वर जेवढी लांब, तेवढीच खाली असली की भिंत सरळ.

मिस्त्री घोटीचे, किसनराव. तीस वर्षं थापी हातात. काम काय, दुसरं मिळालं असतं हो. पण 'भिंत पाडायला लागलेला मिस्त्री' म्हणून नाशकात नाव गेलं असतं. दुसरा कोणी भांडला असता, नाहीतर पाया पडला असता. हे म्हणाले, "साहेब, वारं लय हाय. जरा पाण्याची बादली आणतो."

त्यांनी ओळंब्याचं वजन बादलीतल्या पाण्यात सोडलं. पाण्यात झोके लवकर थांबतात. आणि मी शहाण्याने हलत्या दोरीवर माप घेतलं होतं!

"आता मापा, साहेब."

साहेबांनी स्वतः टेप लावला. वर दोन इंच, खाली दोन इंच. भिंत सुतासारखी सरळ.

"सकाळी कोणी मापलं?"

"मी, सर." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

किसनरावांनी माझ्याकडे बघितलंही नाही. बादली उचलून ते शेजारच्या भिंतीकडे गेले. ती तपासा, असं कोणी म्हटलंच नव्हतं. ओळंबा सोडला, थांबू दिला, आणि त्याच आवाजात म्हणाले, "ही मातर ओळंब्यातनं गेली हाय. वरचे चार थर काढतो. चूक माझी."

साहेबांनी टेप गुंडाळला. म्हणाले, "काढा. आणि उद्या वेळेवर या."

जीपकडे जाताना मला म्हणाले, "इंग्रजीत याला अप्लॉम म्हणतात. शांत आत्मविश्वास. मूळ फ्रेंच, अ प्लाँ. प्लाँ म्हणजे शिसं. शिशाच्या ओळंब्याप्रमाणे सरळ उभं, ते अ प्लाँ. आधी भिंतीला म्हणायचे, मग माणसालाही म्हणायला लागले."

रिटायर होईपर्यंत मी एक पाळलं. चुकलो तर कोणी विचारायच्या आत आपणच सांगायचं. सोपं वाटतं. करून बघा, जीभ टाळूला चिकटते.