डावा गाल

माझा हात चांगला होता, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते त्या चांगल्या हातामुळंच झालं. नव्वदनंतरची ती वर्षं. तिकडं कन्नड मुलखात, चामराजपेटेत माझा लहानसा स्टुडिओ होता. रंगीत फोटो तेव्हा सर्रास झाले होते, पण स्थळांना पाठवायचा मुलीचा फोटो लोक माझ्याकडं ब्लॅक अँड व्हाइटच काढून घ्यायचे. निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं हलकेच गिरवलं की प्रिंटमध्ये काळा डाग उजळतो. देवीचे वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं जायचं. "स्वल्प बघून करा हं," एवढंच आया म्हणायच्या आणि मी काय ते समजायचो. ह्याच्याकडं फोटो काढला की पोरगी उजवलीच म्हणून समजा, असं पेटेत बोललं जायचं.

मला खरं तर वेगळेच फोटो काढायचे होते. मार्केटात फुलांच्या ढिगाशी बसून पेंगणारी बाई, बसवनगुडीच्या बसला लोंबकळणारे कारकून. रविवारी हिंडून मी ते काढायचो आणि ते बघून लोक विचारायचे, "ह्यात काय आहे रे?" पेन्सिलीच्या कामाची आधी मला लाजच वाटायची. मग त्यातच नाव झालं, आणि नाव झालं की माणूस स्वतःला कलावंत समजायला लागतो. मीही समजलो.

माझी धाकटी बहीण तेव्हा सव्वीस वर्षांची होती, शाळेत गणित शिकवायची. तिच्या डाव्या गालावर, कानापासून हनुवटीपर्यंत, भाजल्याचा काळसर डाग. चार वर्षांची असताना उकळतं सारू, म्हणजे आपलं सार, अंगावर सांडलं होतं. घरात त्याचा विषय निघत नसे. बाहेर तिला बघून शेजारच्या बायका "अय्यो पाप!" म्हणायच्या. कन्नडात त्याचा अर्थ बिचारी. ती हसून म्हणायची, "अण्णा, मराठीत ऐकलं तर मीच काहीतरी केलंय असं वाटतं नाही?"

एक स्थळ आलं. लोक पुण्याचे, मुलगा इथं कॉम्प्युटरच्या कंपनीत लागलेला. आई म्हणाली, "त्यांना फोटो पाठवायचाय, जरा चांगला काढ." चांगला काढ म्हणाली, डाग काढ म्हणाली नाही. तिनं नाही, बहिणीनं नाही, कुणीच नाही. मी आपणहोऊन दोन दिवस त्या निगेटिव्हवर बसलो. इतकं नाजूक काम मी आयुष्यात केलं नव्हतं. प्रिंट बहिणीनं हातात घेऊन बघितली. मग "छान आलाय" म्हणाली आणि वह्या तपासायला बसली.

पुण्याची मंडळी फोटो पसंत करून घरी आली. आईनं उप्पीट आणि केसरीभात केला होता. बहीण ट्रे घेऊन बाहेर आली, समोर बसली. मुलाच्या आईनं तिच्याकडं पाहिलं, पर्स उघडली, फोटो काढला आणि सरळ तिच्या चेहऱ्याशेजारी धरला. एकदा फोटोकडं, एकदा तिच्याकडं. बाईंनी फोटो उजेडाकडं तिरपा करून बघितला, डोळ्यांजवळ नेला. डाग कुठं घालवलाय ते त्या शोधत होत्या, आणि त्यांना ते सापडत नव्हतं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला अभिमान वाटला. माझी बहीण तिथं मान वर करून बसलेली, आणि मी मनात म्हणतोय, शोधा बाई, शोधा, सापडायचं नाही!

"फोटो फार सुंदर आहे हो," बाई म्हणाल्या. "कुठं काढला?"

"ह्यानंच," आई माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली.

बाईंनी फोटो केसरीभाताच्या बशीशेजारी ठेवला आणि चहा न घेताच ती मंडळी उठली. मी तावातावानं बोलायला लागलो. माणसं आहेत का जनावरं, मुलगी बघायला आले होते की भाजी निवडायला! आठवडाभर मी त्या बाईंचा उद्धार करत होतो. बहीण शाळेतून येऊन खाली मान घालून वह्या तपासायची. नकारानं खचली असेल, असं मी धरून चाललो. शरम वाटणं राहू दे, तिला काय वाटतंय हे साधं विचारायचंही मला सुचलं नाही.

पुढं दोन महिन्यांनी हुबळीचं एक स्थळ आलं. मी तिला स्टुडिओत घेऊन गेलो आणि मोठ्या मनानं म्हटलं, "ह्या वेळी पेन्सिल लावायची नाही. आहेस तशी." ती स्टुलावर बसली. मी दिवा लावला, कॅमेऱ्याला डोळा लावला, तिला मान जरा डावीकडं वळवायला सांगितली.

ती वळली नाही. "अण्णा, दिवा कुठं लावलायस बघ."

बघितलं. दिवा तिच्या उजवीकडं होता. डावा गाल पुरता अंधारात. मी मुद्दाम केलं नव्हतं, देवाशपथ. हात आपोआप तिकडं गेला होता.

"हे बघ, ती बाई परकी," ती म्हणाली. रडत नव्हती, वर्गात समजावून सांगते त्या आवाजात बोलत होती. "तिनं नाही म्हटलं, सरी, ठीकय, सोड. पण तू पहिला फोटो हातात दिलास ना, तेव्हा मला धक्का बसला. तोपर्यंत मला वाटायचं, बाहेर कुणी काही म्हणो, आपल्या घरात हा डाग कुणाला दिसत नाही. आईला नाही, तुला नाही."

तो डाग मला रोज दिसायचा.