रिकाम्या हातांचे सरगुंडे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, अकोल्याच्या नणंदेला तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगते आहे, ते मलाही धड माहीत नाही.

सासूबाईंपासून सुरू करते. दर्यापूरकडच्या खेड्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि सरगुंडे करावेत ते त्यांनीच. तुमच्याकडे करत नसतील म्हणून सांगते — कणकेची बारीक दोरी वळायची, गुळगुळीत काडीवर ती अगदी चिकटून चिकटून गुंडाळायची, मग ते अख्खं वेटोळं काडीवरून सरकवून सुपात वाळत टाकायचं. अक्षय्य तृतीयेला आमरसासोबत खायचं. त्याआधी पितरांना वाढायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्या मला म्हणाल्या होत्या, "शिकून घे वो बाई. मंग इचारशील त मी नसन." मी हसले. अमरावतीत माझे गणिताचे क्लास चालतात, शेवयांचं पाकीट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं — मला कशाला हवी होती ती उठाठेव?

पुढे त्या विसरत गेल्या. आधी गॅस, मग नावं, मग आम्ही सगळेच. त्यांना इथे फ्लॅटवर आणलं. हॉलमध्ये खिडकीपाशी खुर्चीत बसायच्या, आणि हात चालू. डावा दोरी सोडतोय, उजवा काडी फिरवतोय. दोरी नाही, काडी नाही. मध्येच थांबायचं, हवेतून काहीतरी हलकेच सरकवायचं, वाकून फरशीवर ठेवायचं. की पुन्हा सुरू.

आधी कीव आली. मग मी नीट बघायला लागले, आणि तिथेच घोटाळा झाला. त्या रांगेनं ठेवत होत्या. एकाला लागून एक. काल जिथे थांबल्या होत्या, तिथूनच आज पुढे. एवढे कुणासाठी, असं मी एकदा गमतीनं विचारलं. दाराकडे बघत म्हणाल्या, "लोकं येऊन बसले ना. पुरले पाह्यजेत." दारात कुणी नव्हतं. तरी मी वळून पाहिलंच.

आणि गौरी — माझी मुलगी, तेव्हा दुसरीत होती — ती शाळेतून आली की त्यांच्यासमोर मांडी घालून बसायला लागली. बघता बघता तिचेही हात चालायला लागले. दोघी समोरासमोर, तोंडातून शब्द नाही. एकदा मी झाडू घेऊन खिडकीकडे गेले, तर गौरी ओरडली, "आई, तिथं पाय नको ठेवू, ओले हायेत!" हायेत. आमच्या घरात तसं कुणी बोलत नाही. सासूबाईंनीही बोलणं जवळजवळ सोडलं होतं. मग हा शब्द तिच्या तोंडात आला कुठून? मी खाली पाहिलं. कोरडी फरशी. माझा पाय मात्र पुढे पडेना.

मग एका दुपारी सासूबाई आत झोपल्या होत्या आणि त्यांच्या खुर्चीत गौरी बसली होती. मान त्यांच्यासारखी कलती, ओठ त्यांच्यासारखे आत ओढलेले, हात चालू. मी हाक मारली. तिनं माझ्याकडे पाहिलं — कसं सांगू? कोण आहे ही बाई, असं पाहिलं.

घाबरले, हे खरं. पण भीतीवर सगळं ढकलून मोकळं होणं सोपं आहे, नाही का? ही पोरगी पाढे म्हणायला माझ्याजवळ पाच मिनिटं बसत नव्हती. लोकांची मुलं फी भरून माझ्याकडे शिकतात, आणि माझी मुलगी शिकत होती त्या बाईकडून, जिला स्वतःचं नाव ठाऊक नव्हतं. मी जळत होते. हेच ते. हेच इतकी वर्षं जिभेवर येऊन परत गेलं.

दुसऱ्या दिवसापासून मी सासूबाईंचे हात बांधायला लागले. खुर्चीच्या हातांना, जुन्या सुती ओढणीनं. नवरा यायच्या आत सोडायचे. एकदा तो लवकर आला आणि त्यानं पाहिलं. मी म्हटलं, "स्वतःला ओरबाडतात हो, पाठीवर ओरखडे आहेत." पाठीवर काही नव्हतं. त्यानं बघितलं नाही. नणंद फोनवर रडली, म्हणाली, "वहिनी, तुमी हाये म्हनून." मी ते ऐकून घेतलं.

गौरीनं पहिल्यांदा ती ओढणी पाहिली तेव्हा ती रडली नाही. समोर बसली आणि हवेत काडी धरून हळूच विचारलं, "आजी, काडीवरून काढायचं कसं?" बांधलेली बोटं गाठीखाली वळवळली. काहीतरी उलट फिरवायचं होतं बहुधा, नीट दिसलं नाही. मी पोरीला उचललं, आतल्या खोलीत नेऊन हातात मोबाइल दिला आणि दार ओढून घेतलं. बाहेर खुर्ची बराच वेळ करकरत होती.

पावसाळा संपता संपता सासूबाई गेल्या. शेवटपर्यंत ती ओढणी होती.

यंदा अक्षय्य तृतीयेला गौरीनं कणीक मागितली. आता ती सातवीत आहे. कुणी काही सांगितलं नव्हतं. दोरी काढली, काडीवर गुंडाळली — एकसारखी, बारीक, हुबेहूब त्यांचीच. नवरा मोबाइलवर शूटिंग करत होता, त्याचे डोळे भरून आले होते. मग तिनं वेटोळं सरकवायला घेतलं आणि ते तुटलं. दुसरं तुटलं. तिसरंही. यूट्यूबवर बघू, असं मी म्हटलं. "आजीचं तसं नव्हतं," एवढंच ती बोलली, आणि काडी खाली ठेवली.

"आजीनं शिकवलं असतं बेटा," नवरा म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडी गावची बोली आली. "पन तिचे हात बांधा लागले ना. ओरबाडत होती सोताले."

गौरीनं माझ्याकडे पाहिलं. ओढणी बांधलेली दिसली त्या दुपारी ती आजीच्या समोरच बसली होती. तिला सगळं माहीत आहे.

"हो," मी म्हणाले. "फार ओरबाडायच्या."