धुऊन काढलेलं तळं

शाहूवाडीच्या डोंगरात बोअर मारणारं यंत्र कधीच निघून गेलं होतं. जमिनीच्या पोटातनं काढलेल्या दगडी कांड्या तेवढ्या मागं राहिल्या, शेडातल्या लांबट पेट्यांत, उसाच्या कांड्यांसारख्या ओळीनं मांडलेल्या. त्या शेडाची किल्ली राखणीला ठेवलेल्या पारूबाईच्या पदराला. पारूबाई म्हणजे गावातली सगळ्यात लख्ख बाई. तिच्या अंगणात कोंबडीसुद्धा पाय पुसून येते, अशी थट्टा चालायची.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात चंदना येणार असा निरोप आला. चंदना कागलच्या जैन शेतकऱ्याची लेक, कोल्हापुरात भूगर्भशास्त्रावर संशोधन करणारी. पाव्हणी येणार म्हणून पारूबाईनं शेड झाडलं, पेट्या पुसल्या आणि सगळ्यात खोलातनं आलेल्या कांड्यांच्या पेटीत मधे साचलेला राखाडी चिखल बादलीभर पाणी घेऊन काथ्यानं घासून काढला.

चंदनानं ती पेटी उघडली आणि मटकन खालीच बसली.

"मावशी, हितला चिखल कुठाय?"

"धुतला की! लई बरबटल्या हुत्या. आता बघा, कशा चमकत्यात."

"पाणी कुठं टाकलं?"

"वड्यात. का वं? दगूड समदं हायती न्हवं?"

"दगड नको होता मला. चिखलच पायजे होता."

मग चंदनानंच सांगितलं, तुटक तुटक. पश्चिमेची जमीन ताणून फाटली, भेगांतनं लाव्हा उसळला, त्याचे हे डोंगर. पण त्याच्या आधी जमीन खचून हितं तळं झालं होतं का? लाव्हाखाली दबलेला गाळ तेवढा ते सांगणार होता. त्यात त्या काळच्या झाडांचे परागकण असणार.

"मग परत बोअर मारा की."

"यंत्र परत येत नसतंय, मावशी."

जीपचा ड्रायव्हर बाळासो दारातनं म्हणाला, "मावशे, अख्खं तळंच धुऊन काढलंस की गं!"

पारूबाई हसली नाही. तिचा हात पदराच्या गाठीवर गेला. गप्प बसलं तर नुसती चूक. बोललं तर चोरी, आणि किल्ली गेलीच. तिकडं चंदना पेटीच्या फटीत नख घालून खरवडत होती. बोटाला नुसतं पाणी लागत होतं.

"म्याडम, घराकडं चला. चुलीला पोतेरं द्यायला मागंच थोडा चिखल नेलता. लई मऊ माती. चोरलाच म्हणा."

चंदना ताडकन उठली. घरात शिरता शिरता तिनं विचारलं, "शेण कालवलं न्हाय न्हवं? शेणात आत्ताच्या गवताचे परागकण असतात. मिसळले की सगळं मुसळ केरात."

पारूबाई चुलीपाशी गेली. कालवलं तर होतं. चुलीजवळच्या गाडग्यावरचं झाकण तिनं काढलं. शेणाचा वास आला. चंदनानं तोंड फिरवलं.

"थांबा. समदा न्हाय घातला." पारूबाई पाटावर चढली, फळीवरची गाडगी एकेक खाली घेऊ लागली. मीठ. चिंच. राख. शेवटच्या गाडग्यात फडक्यात बांधलेला गोळा होता, वाळून कडक झालेला. वरती तिच्याच बोटांचे ठसे.

"पाणी लावलं?"

"न्हाय. पेटीतनं तोडला तसाच हाय."

चंदनानं सुरीनं ठसे खरवडून टाकले. आतला राखाडी गाभा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला.

पारूबाईनं गाठ सोडली, किल्ली पुढं केली. "घ्या."

चंदनानं किल्लीकडं बघितलं, मग दारातल्या बादलीकडं.

"किल्ली ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच. ती धुवायची बादली तेवढी द्या."

बाळासोनं बादली जीपमधी टाकली.

"आन् काथ्या?" पारूबाईनं विचारलं.

"त्यो पण."