दोन डेल्बर्ट योकम

केनर काउंटीत कुणी चार दिवस बाहेरगावी निघालं की आधी डेल्बर्ट रे योकमला फोन जायचा. "डेल, गुरांकडे बघशील ना रे?" एवढंच विचारायचं आणि निर्धास्त निघून जायचं. डेल जास्त बोलणारा माणूस नव्हता. "बघतो," म्हणायचा आणि खरंच बघायचा. पाण्याची टाकी भरली का, कुंपणाची तार कुठं सुटली का, एखादी गाय अडली आहे का. पशुखाद्याच्या गिरणीत त्याची उभी हयात गेली होती. गिरणी बंद पडल्यावरही लोकांची गुरं त्याला ओळखत होती.

त्या उन्हाळ्यात मात्र एकही फोन आला नाही. शेजारचे बार्टन नवराबायको मुलीकडे टेक्सासला जाऊन परत आले, ते त्यांच्या फाटकातली गाडी पाहून डेलला कळलं.

"विसरले असतील," डेल म्हणाला.

"बार्टनबाई बारशाला दिलेला बाळंतविडासुद्धा विसरत नाही," त्याची बायको लवेडा म्हणाली. "काहीतरी झालंय."

पुढं शाळेच्या बसवर ड्रायव्हर पाहिजे असल्याची पाटी लागली. डेलनं अर्ज केला. मोठ्या गाड्या चालवण्याचं लायसन्स त्याच्याकडे होतं, आणि अर्ध्या गावाची पोरं त्याला आजोबा म्हणायची. शाळेच्या कचेरीतल्या बाईनं फोनवर सांगितलं की जागा भरली. आठवड्यानं लवेडा शाळेवरून गेली तर पाटी तिथंच होती.

उलगडा झाला तो खत-पेंडीच्या सहकारी दुकानात. सकाळी तिथं म्हाताऱ्यांचा अड्डा असायचा. फुकटची कॉफी, पातळ आणि कडवट, आणि फुकटच्याच गप्पा. डेल आत शिरला तसा हॉइट प्रुएट खुर्चीतून म्हणाला, "ये डेल, बस. माझ्या कालवडी मी सकाळीच मोजून आलोय हां, आता काळजी नाही."

दोघं-तिघं हसले. मग डेलचा चेहरा बघून हसू आपोआप विरलं.

"काय म्हणालास?"

"मस्करी केली रे."

"मस्करी कशाची, ते सांग."

हॉइटनं दुकानदाराकडे पाहिलं. दुकानदारानं पेंडीच्या पोत्यांकडे पाहिलं. शेवटी हॉइटनंच खिशातला फोन काढला, बराच वेळ बोटानं वरखाली केलं आणि डेलसमोर धरला. कुठल्यातरी वेबसाइटवर काउंटीच्या तुरुंगात आणलेल्या माणसांची नावं होती. त्यांत एक ओळ होती: डेल्बर्ट आर. योकम, गुरांची चोरी. फोटोच्या जागी नुसता करडा चौकोन.

"हे सगळ्यांनी पाहिलंय?"

"लोक रोज सकाळी बघतात डेल. आधी हवामान, मग मयताच्या बातम्या, मग हे."

डेलनं कॉफीचा कप तसाच ठेवला. ज्या मुलखात माणसं दार उघडं टाकून झोपतात पण वासराच्या कानात मालकीचा बिल्ला आधी ठोकतात, तिथं गुरंचोर ही शिवी साधी नव्हती. आणि ती आपल्या वाट्याला कशी आली, हे त्याला ट्रकमध्ये बसल्यावर उमगलं. काउंटीत डेल्बर्ट योकम दोन होते.

पणजोबाचं नाव दोन्ही घरांनी ठेवलं होतं. एक डेल्बर्ट रे, दुसरा डेल्बर्ट रॉय. वयात फारसं अंतर नाही. पण दोघांच्या जन्माआधीच घरं फुटली होती, आणि ती जमिनीवरून नव्हे तर पियानोवरून. देवाचं गाणं नुसत्या गळ्यानं म्हणावं, चर्चमध्ये वाजंत्री नको, असं मानणारे ओढ्यापलीकडे वेगळं चर्च बांधून बसले. पियानोवाले अलीकडे राहिले. तेव्हापासून दोन्हीकडचे योकम एकमेकांच्या मयतालासुद्धा मागच्या बाकावर बसून प्रेत उचलायच्या आत निघून जायचे. रॉय ओढ्यापलीकडचा. डेलनं त्याला लांबून पुष्कळदा पाहिलं होतं. बोलणं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डेल कोर्टाच्या इमारतीत गेला. तळमजल्यावर शेरीफची कचेरी. खिडकीमागच्या पोरसवदा शिपायानं नाव विचारलं आणि संगणकात पाहून म्हणाला, "तुमची अटक..."

"माझी नाही. त्यासाठीच आलोय."

शिपायानं जन्मतारीख विचारली, मधलं नाव विचारलं, पुन्हा पाहिलं. "हां, हा रॉय. तुम्ही रे. आमच्या यादीत पूर्ण नाव आहे बघा. त्या वेबसाइटवाल्यांनी नुसतं आर. केलं."

"त्यांना सांगाल का?"

"त्यांचा आमचा काही संबंध नाही काका. आमची यादी ते उचलतात, पुढं त्यांचं ते."

"मग ह्या रॉयनं गुरं चोरली तर खरं?"

"अटक झाली, एवढंच आमच्याकडे असतं. चोरली की नाही, ते वरच्या मजल्यावर."

वरच्या मजल्यावर मिस नेडीन बसायच्या. कोर्टाच्या दप्तराचं काम त्या इतकी वर्षं करत होत्या की न्यायाधीशही त्यांना मिस नेडीनच म्हणायचे. त्यांनी खटल्याचा नंबर शोधून कागद काढले, चष्मा नाकावर घेतला आणि डेलला शेजारच्या खुर्चीत बसवलं.

"ही शेजाऱ्याची तक्रार. ही अटक. हा आरोप. आणि हे खाली बघा, सरकारी वकिलांनी खटला काढून घेतला. गाय कुंपण तोडून ओढ्याच्या काठानं गेली होती. तिसऱ्याच माणसाच्या कुरणात सापडली, कानातल्या बिल्ल्यासकट."

"म्हणजे सुटला?"

"सुटायला अडकलाच नव्हता. अटक म्हणजे संशय, मिस्टर योकम. निकाल वेगळा. लोक पहिलं पान वाचतात आणि उठून जातात."

डेलनं टोपी हातात फिरवली. "मला एक कागद द्या, मिस नेडीन. हा माणूस मी नाही, असं लिहून."

बाईंनी मान हलवली. "जे घडलं त्याची नक्कल मी देते. जे घडलंच नाही त्याची नक्कल कुठून देऊ? हे हवं तर घेऊन जा. ह्यात त्यांचं पूर्ण नाव आहे, जन्मतारीख आहे."

"आणि ते वेबसाइटवरचं?"

"खटला निघाला असेल तर नोंद मिटवायचा अर्ज करता येतो. न्यायाधीशांनी हुकूम दिला की इथली आणि खालची नोंद झाकली जाते. मग वेबसाइटवाल्यांना हुकूम दाखवून काढायला सांगायचं. पण अर्ज ज्याची नोंद त्यानंच करायचा. तुम्हाला नाही करता येणार."

घरी येऊन डेलनं सगळं सांगितलं. लवेडा भेंडी तळत होती. "मग जा रॉयकडे."

"काय सांगू त्याला जाऊन?"

"देवाघरी तो भेटला की सांगणारच आहेस ना काहीतरी? मग थोडं आधी सांग."

रॉय योकम ओढ्याकाठी एका लांबट पत्र्याच्या घरात राहत होता. बायको वारली होती, पोरं तुळसा शहरात. दारात दोन शिकारी कुत्री भुंकत उठली आणि कंटाळून पुन्हा आडवी झाली. रॉय बाहेर आला, डेलला पायापासून टोपीपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "पियानो आणलास की काय ट्रकमध्ये?"

"नाही. कागद आणलाय."

डेलनं झालेली हकीकत सांगितली. गुरांचे फोन बंद झाले, बसची नोकरी हुकली, दुकानातली मस्करी. रॉय ऐकत राहिला, मग जमिनीवर थुंकला.

"तुझी बसची नोकरी हुकली. माझं सांगू? गुरांच्या लिलावात माझं वासरू उभं केलं की बोली लागत नाही. चर्चमध्ये लोक हात मिळवतात आणि मग तो हात पँटला पुसतात."

"म्हणूनच म्हणतो, अर्ज कर. दोघंही सुटू."

"मी का अर्ज करू? मी काय केलं? न्यायाधीशासमोर टोपी काढून म्हणू, साहेब, मी जे केलंच नाही ते माफ करा?"

"माफी नाही मागायची. नुसतं मिटवायचं."

"मिटवतात ते केलेलं. माझं काय मिटवायचं? शेरीफनं दारात येऊन बेड्या घातल्या तेव्हा ही कुत्रीसुद्धा गप्प बसली होती. ते मिटवतील का?"

डेलचा पारा चढला. "तुझ्या ताठ्यापायी मी गुरंचोर!"

"आणि तू तोंड उघडून सांग ना सगळीकडे, तो मी नाही, ओढ्यापलीकडचा आहे. सुटशील. जा."

डेल परतला. रॉय म्हणाला ते खरं होतं. एका वाक्यात काम होण्यासारखं होतं. तेच वाक्य तो वाटभर मनात जुळवत होता: तो मी नव्हे, तो रॉय. मग त्याच्या लक्षात आलं की खटला निघाल्याचा कागद छातीशी खिशात असतानाही आपण रॉयला चोरच धरून चाललो होतो. दारात उभं राहून बोलतानासुद्धा. ह्या गोष्टीनं त्याला फार वाईट वाटलं असं नाही, पण ती त्याला बोचत राहिली.

शनिवारी तो दुकानात गेला, कॉफी घेतली आणि कागद हॉइटच्या मांडीवर ठेवला. "वाच. मोठ्यानं."

हॉइटनं अडखळत वाचलं. "डेल्बर्ट रॉय... अरेच्चा! म्हणजे तो पलीकडचा! मी म्हणतच होतो, डेल असलं काही..."

"खालचं वाच."

"खटला काढून टाकण्यात आला." हॉइटनं खांदे उडवले. "वकील चांगला लावला असेल."

"वकीलच नव्हता. गाय सापडली. कुणाच्या कुरणात, तेही लिहिलंय, ते वाच."

हॉइटनं वाचलं आणि सगळ्यांच्या माना दुकानदाराकडे वळल्या, कारण ते कुरण दुकानदाराच्याच मेव्हण्याचं होतं. दुकानदार पोती रचायला मागं निघून गेला. डेल बसून राहिला, कॉफी संपवली आणि मगच उठला. इतकं बोलताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं.

बातमी ओढा ओलांडून गेली. पुढच्या आठवड्यात एका दुपारी रॉय फाटकाशी उभा दिसला, इस्त्रीचा शर्ट घालून, चालत आलेला.

"माझा ट्रक बंद पडलाय," तो म्हणाला. "कोर्टात सोडतोस का?"

"अर्ज करायला?"

"नाही, नाचायला! अर्जच करायला. तू तिथं मोठ्यानं वाचायला लावलंस म्हणे."

"लावलं."

"हॉइटचं वाचन कच्चं आहे पहिल्यापासून," रॉय म्हणाला. एवढंच.

लवेडानं दोघांना आधी जेवायला बसवलं. घेवड्याच्या बिया, मक्याची भाकरी, तळलेली भेंडी. रॉय जेवताना कुणाकडे बघत नव्हता. दुसऱ्यांदा वाढताना लवेडा म्हणाली, "पोटभर खा, भावजी. आमच्याकडे वाजवून वाढत नाहीत." तेव्हा त्याला ठसका लागला, आणि तो हसण्याचा होता हे डेलला उशिरा समजलं.

अर्ज झाला. मग साऱ्या कचेऱ्यांना नोटिसा, मग तारीख, मग न्यायाधीश आजारी म्हणून दुसरी तारीख. दोन्ही वेळी डेलनंच ट्रक काढला. जाता-येता ते मोजकं बोलत, बहुतेक पावसाबद्दल आणि गवताबद्दल. एकदा रॉयनं बायकोच्या शेवटच्या आजारपणाचं सांगितलं. डेलनं काचेतून पुढं बघत ऐकून घेतलं. सुनावणीत न्यायाधीशांनी कुणाची हरकत आहे का विचारलं, कुणाची नव्हती, आणि सही केली. रॉय बाहेर येऊन पायरीवर बसला. "ज्या दिवशी नेलं त्या दिवशी अख्खी दुपार गेली होती," तो म्हणाला. "आज कॉफी गार व्हायच्या आत झालं."

शाळेची बस तोपर्यंत दुसऱ्याला मिळाली होती. वेबसाइटवाल्यांना लवेडानं हुकमाची प्रत पाठवली, पुन्हा पाठवली. त्यांनी ओळ काढली, तर ती दुसऱ्याच एका वेबसाइटवर निघाली. तिथं अजून पत्रव्यवहार चालू होता. आणि एक गंमत अशी झाली की मिस नेडीनकडे आता कुणी विचारायला गेलं तर त्या सांगत, अशा नावाचा खटला इथं नाही. तो माणूस दुसरा होता, हे दाखवणारा कागदही त्यामुळे झाकला गेला.

थंडीच्या सुरुवातीला शेजारच्या काउंटीतून एक फोन आला. पशुखाद्याचा ट्रक चालवायला माणूस हवा होता. बोलणं ठरत आलं तसा पलीकडचा माणूस घुटमळला. "मिस्टर योकम, राग मानू नका. तुमचं नाव टाकून पाहिलं, तर गुरांचं काहीतरी..."

"तो मी नाही," डेल म्हणाला. मग पुढं म्हणाला, "आणि ज्याचं ते नाव आहे, त्यानंही काही केलेलं नाही."

पलीकडच्यानं विचारलं, "तुमचा ओळखीचा आहे का तो?"

"भाऊ लागतो."

"बरं," तो माणूस म्हणाला. "सोमवारी या. जाड हातमोजे आणा, पोती ओली असतात."