दहाव्याच्या दिवशी इन्स्टेड ऑफ

बारामतीच्या शाळेतून फोन आला तेव्हा मी गोठ्यात शेण काढत होते. इंग्लिश मीडियमची शाळा, पाचवीचा वर्ग, नोकरीसाठी दोन आठवड्यांनी गुरुवारी अकराला डेमो तास, आणि विषय 'इन्स्टेड ऑफ'. मी "हो मॅडम, हो मॅडम" करत फोन ठेवला. डी.एड. करून लग्न झालं, आणि तेव्हापासून निमगाव केतकीच्या शिवारातली ही वस्ती. इथं इंग्रजी बोलणार कुणाशी, म्हशींशी? आता ही नोकरी हुकली तर पुन्हा कुणी बोलवायचं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

गाईडात वाक्य होतं, 'आय ड्रिंक टी इन्स्टेड ऑफ कॉफी'. ते घोकत भाकऱ्या थापत होते, तर आत्यांनी सुपातनं मान वर केली. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात.

"काय पुटपुटतीस गं?"

"कॉफीच्या ऐवजी मी चहा पिते."

"आपल्यात कापी हाय कुठं? नसल्याली वस्तू कशी सोडतीस?"

म्हातारीचं काय चुकलं? मग मी आमच्या घरातलीच वाक्यं करायला लागले. आत्यांच्या ऐवजी मी लग्नाला जाते. ह्यांच्या ऐवजी मी उसाला पाणी देते. जावेच्या ऐवजी मी तिच्या पोराच्या पालकसभेला जाते. वाक्यं भराभरा आली, आणि मग मला रागच आला. जिथं तिथं मीच कुणाच्या तरी जागेवर! माझ्या जागी कुणी गेलंय, असं एक वाक्य काही सुचेना.

त्यात भावकीतले एक आबा वारले. बोटांवर दिवस मोजले. दहावा नेमका गुरुवारी.

आमच्यात दहाव्याला घरटी एक बाई लागते. नुसता पुरुष जाऊन आला तर घर आलं असं धरत नाहीत. कोण आली, कोण नाही, कोण मधनंच उठली, हे बायका वर्षानुवर्षं विसरत नाहीत. आत्यांचे गुडघे धरल्यापासून त्यांनी असं जाणं सोडलं होतं, जावेची चूल वेगळी, आणि आमच्या घरची बाई म्हणजे मी. शाळेला तारीख बदलून मागितली, तर मॅडम म्हणाल्या, "बघा, उमेदवार पुष्कळ आहेत."

मग मी ठरवलं, दोन्ही करायचं. सकाळीच ओढ्यावर जायचं, कावळा शिवला की उठायचं आणि नऊची एसटी धरायची. आत्यांनी गुडघे चोळत सगळं ऐकून घेतलं. मी पिशवीत सर्टिफिकेटं घातली आणि पदराखाली झाकून बायकांत जाऊन बसले.

पिंड ठेवले. बाभळीवर कावळे बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. आता कावळा शिवल्याशिवाय कुणी उठत नसतं. आबांची इच्छा काय राहिली असेल, म्हणून पोरं एकेक कबूल करायला लागली. "आबा, धाकटीचं लगीन थाटात करतू." कावळे ढिम्म. "आबा, बांधाचं भांडण मिटवतू." तरी ढिम्म. कुणी म्हणालं, भजी ठेवा, आबास्नी भजी लई आवडायची. भजी ठेवली. एक कावळा उतरला, भज्याकडं बघितलं आणि उडून गेला.

तोंडानं रामराम आणि मनात इन्स्टेड ऑफ. मी मनातल्या मनात आबांना हात जोडले. आबा, तुमचं काय राहिलंय ते राहू द्या हो, पण माझं सगळंच राहतंय. रस्त्यावरनं एखादी गाडी गेली तरी एसटी गेली असं वाटायचं. उठावं म्हटलं तर शेजारी चुलत सासू, तिची नजर माझ्या पिशवीवरच.

तेवढ्यात मोटारसायकल थांबली. आमचे हे पुढं, आणि मागं आत्या. दोन्हीकडं पाय टाकून, नऊवारीचा बोंगा आवरत बसलेल्या. असं मी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं. लेकाच्या खांद्याला धरून त्या लंगडत आल्या.

"सरक. मी बसते हितं. तू जा."

"आत्या, तुमचे गुडघे…"

"गुडघं माझं हायती. ऊठ म्हंते न्हवं?"

चुलत सासूनं तोंड उघडलं. आत्या तिला म्हणाल्या, "आमच्या घरची बाई हाय हितं. मोजून घे." ह्यांनी मला गाडीवर घातलं आणि निघणारी एसटी गाठून दिली.

वर्गात मागं चार जण बसले होते, त्यातले एक वयस्कर तात्या संस्थेचे असावेत. मी कॉफी-चहाचं वाक्य टाकलं. पोरं माझ्याकडं बघतायत, मी पोरांकडं. दुसरं टाकलं, तेही तसंच. घोकलेलं सगळं कुठं गेलं कोण जाणे, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माय मदर-इन-लॉ इज सिटिंग ॲट द दहावा इन्स्टेड ऑफ मी."

मेले! भरल्या वर्गात दहावा! तात्या खाकरले. मी खडू घट्ट धरून उभी. पण एक हात वर आला. "मिस, माय काका गोज टू दहावा इन्स्टेड ऑफ माय पप्पा." दुसरी उठली, "माय पप्पा सेंड्स व्हॉट्सॲप इन्स्टेड ऑफ गोइंग." वर्ग खो-खो हसला, आणि मग हातच हात. घंटा झाली तरी पोरं वाक्यं सांगतच होती. तात्या जाता जाता म्हणाले, "मॅडम, लग्नाचं उदाहरण घेतलं असतं तरी चाललं असतं." बाकीचे म्हणाले, कळवू.

घरी आले तर आत्या गुडघ्यांना तेल चोळत होत्या. मी विचारलं, "शिवला का कावळा?"

"कुठला! शेवटाला दर्भाचा केला आन् शिवला." खरा आला नाही की गवताचा कावळा करतात, तसा. हसू आलं, पण नोकरीची काळजी काही सुटेना. त्या दिवसापासून मी फोन घेऊनच गोठ्यात जायची. रेंज गेली की जीव खालीवर.

फोन आला तो असा. एक मॅडम बाळंतपणाच्या रजेवर चालल्यात, त्यांच्या जागी तुम्ही या, त्या परत येईपर्यंत. मी "सांगते" म्हणून ठेवून दिला आणि आत्यांपुढं तडतडले. "तिथंही दुसरीच्याच जागेवर! ती आली की मी बाहेर. नकोच मला असली नोकरी."

आत्या शेंगा फोडत होत्या. हात थांबला नाही.

"मी बी थोरलीच्या जागीच आल्याली."

मामंजींची पहिली बायको गेली आणि मग आत्यांना आणलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण आत्या त्यावर कधी बोलल्या नव्हत्या.

"माजी सासू मला तिच्याच नावानं हाक मारायची. म्हनायची, तोंडात बसलंय. मी बी ओ द्यायची."

"किती दिवस?"

"ती मरस्तवर."

"तुम्ही सांगितलं नाही?"

"कुणाला? कोण इचारतंय?" आत्यांनी सूप बाजूला सारलं आणि फोन माझ्याकडं ढकलला. "लाव. येते म्हण. आन् पैल्याच दिशी पोरास्नी तुजं नाव सांग. फळ्यावर मोठं लिव्ह."

मी फोन लावला. तिकडं रिंग वाजत होती आणि मी आत्यांकडं बघत होते. इतकी वर्षं मीही त्यांना नुसतं आत्याच म्हणत आले होते.

"आत्या, तुमचं माहेरचं नाव काय हो?"

"आता गं काय करायचंय?" त्यांनी पदर तोंडाला लावला. मग सांगितलं, अगदी हळू.

फोनमधून मॅडम विचारत होत्या, "हॅलो, कोण बोलतंय?"

मी डोळे पुसले, माझं नाव सांगितलं आणि म्हटलं, येते.